भंगारातील मोटर का फिरत नाही?

प्रयोगाचे साहित्य भंगारातून मिळवावे, असे आपण सारेच म्हणतो. पण जुनी वस्तू कशाची आहे, तिने पूर्वी काय काम केले, हे तिच्यावर लिहिलेले नसते. ते शोधण्यातच निम्मे विज्ञान असते. एक ओळखीचे उदाहरण पाहू.

सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची पट्टी, चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे एवढ्यावर चालणारी मोटर अरविंद गुप्ता यांच्या पुस्तकांमुळे अनेक शाळांत पोचली आहे. वर्गात मात्र ती पुष्कळदा अडून बसते. मग 'भंगारच ते!' म्हणून आपण ती कपाटात टाकतो. दोष बहुधा भंगाराचा नसतो.

आधी तार पाहू. ट्यूबलाइटच्या जुन्या चोकमधील तार बारीक असते. तिचे वेटोळे आकार धरत नाही. जळालेल्या मोटरची तार व्हार्निशने चिकटलेली आणि लेप करपलेली असते. त्यापेक्षा रिवाइंडिंगच्या दुकानातून रिळाचे उरलेले तुकडे मागून आणावेत. २२ गेजची, म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर जाडीची, पाऊण मीटर तार पुरते. जाड पेनाभोवती तिचे दहा वेढे घ्यावेत आणि दोन्ही टोके समोरासमोर सरळ बाहेर काढावीत.

ही तार उघडी दिसली तरी तिच्यावर विद्युतरोधक लेप असतो. तो खरवडला नाही तर वीज वेटोळ्यात शिरतच नाही. पण दोन्ही टोके पूर्ण खरवडली तरी मोटर नीट फिरत नाही, ती झुलून थांबते. असे का?

वीज वाहताना वेटोळे चुंबक बनते. त्याचे ध्रुव खालच्या चुंबकाच्या विरुद्ध ध्रुवांकडे ओढले जातात आणि तिथेच अडकतात. नेमक्या त्या वेळी वीज तुटली, तर वेटोळे आपल्या वेगाने पुढे निघून जाते. म्हणून एक टोक पूर्ण खरवडावे. दुसरे टोक खरवडताना वेटोळे उभे धरावे आणि त्या टोकाची फक्त वरची बाजू खरवडावी. तार जाळून लेप काढू नये. धूर घातक असतो. पॉलिशपेपर पुरेसा आहे.

चुंबक जुन्या स्पीकरमधून मिळतो. तो फेराइटचा, कपबशीसारखा ठिसूळ असतो. फुटला तरी फेकू नका. प्रत्येक तुकड्याला दोन ध्रुव असतात, हे दाखवायची आयतीच संधी! ध्रुव सपाट बाजूंवर असल्याने तुकडा वेटोळ्याखाली आडवा ठेवावा.

एक वस्तू मात्र भंगारातून कधीही घेऊ नये, ती म्हणजे सेल. या मोटरच्या तारेचा रोध फारच कमी, ०.१ ओहमहूनही कमी असतो. वेटोळे अडले, की सेल जवळजवळ शॉर्टच होतो. टॉर्चचा साधा सेल फार तर तापतो. मोबाइल किंवा लॅपटॉपमधून काढलेला लिथियम सेल पेट घेऊ शकतो. तेव्हा सेल नवा आणि साधाच घ्यावा आणि मोटर थांबली की वेटोळे लगेच उचलावे.

आता एक मोटर मुद्दाम बिघडवून वर्गात न्या. लेप, चुंबक, सेल यांपैकी नेमके काय चुकले, ते मुलांनाच शोधू द्या. चालू मोटर मुलांना जेवढे शिकवणार नाही, तेवढे ही अडलेली मोटर शिकवील.