शंका घ्यावी आणि मोजूनही पाहावी

हरितगृह परिणामाचा धडा संपत आला, की वर्गातला एखादा मुलगा हात वर करतो. "बाई, हवामान तर पूर्वीपासूनच बदलत आलंय. हिमयुगं आली नि गेली. तेव्हा कुठे गाड्या नि कारखाने होते? मग आत्ताच एवढी ओरड कशाला?"

हल्ली असे प्रश्न मुलांना मोबाइलवर आयते मिळतात, हे खरे. पण म्हणून प्रश्न वाईट ठरत नाही. "पुस्तकात तसं दिलंय" असे म्हणून त्याला खाली बसवले, तर आपण त्याला विज्ञान नव्हे, पोथी शिकवली असे होईल. उलट "हो, शास्त्रज्ञांमध्येही मतभेद आहेत" असे म्हणून विषय सोडून दिला, तर कोणती शंका फिटली आणि कोणती अजून उभी आहे, हे त्याला कधीच कळणार नाही.

तापमानवाढीवरचे आक्षेप काही आजचे नाहीत. त्यांतले बरेचसे चांगल्या शास्त्रज्ञांनी, चांगल्या कारणांसाठी घेतलेले होते. त्यांपैकी काहींचे पुढे काय झाले, ते पाहू.

एका नळीतला प्रयोग

स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अरेनिअस यांनी १८९६ मध्ये एक लांबलचक आकडेमोड प्रसिद्ध केली. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर पृथ्वीचे तापमान ५ ते ६ अंश सेल्सिअसने वाढेल, असे उत्तर त्यांना मिळाले.

या उत्तरावर पहिला मोठा आक्षेप स्वीडनमधूनच आला. १९०० मध्ये क्नुट अँगस्ट्रॉम यांनी आपल्या सहायकाचा एक प्रयोग मांडला. (लांबीचे 'अँगस्ट्रॉम' हे एकक ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या अँडर्स अँगस्ट्रॉम यांचे हे चिरंजीव.) ३० सेंटिमीटर लांबीच्या नळीत कार्बन डायऑक्साइड भरला आणि तिच्यातून अवरक्त प्रारण, म्हणजे उष्णतेचे अदृश्य किरण सोडले. मग नळीतला वायू एक तृतीयांशाने कमी केला. पलीकडे पोचणाऱ्या उष्णतेत जवळजवळ फरकच पडला नाही. निष्कर्ष उघड वाटत होता. या वायूला जेवढे किरण अडवता येतात, तेवढे तो थोड्या प्रमाणातही अडवतो. मग आणखी वायू घातल्याने काय बिघडणार? शिवाय त्याच किरणांपैकी बरेचसे हवेतील बाष्पही अडवते.

हा आक्षेप इतका पटण्याजोगा होता, की पुढची सुमारे पन्नास वर्षे बहुतेक हवामानतज्ज्ञांनी विषय मिटला असेच धरले. १९३८ मध्ये जी. एस. कॅलेंडर या इंग्रज अभियंत्याने जुन्या नोंदी गोळा करून तापमान व कार्बन डायऑक्साइड दोन्ही वाढत असल्याचे दाखवले, तेव्हाही त्याचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही.

मग चूक कुठे होती? प्रयोगात नव्हती. चूक होती वातावरणाला नळी समजण्यात.

पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात उभे राहून दरीत पाहा. दरी धुक्याने भरलेली असते. आपल्याला दरीचा तळ दिसत नाही, मधले धुकेही दिसत नाही. दिसतो तो फक्त धुक्याचा वरचा थर. आणखी धुके आले, तर तळ 'अधिक झाकला' जात नाही, तो आधीच पूर्ण झाकलेला आहे. पण दिसणारा थर वर सरकतो.

अवरक्त किरणांच्या दृष्टीने वातावरण असेच आहे. जमिनीवरून निघालेली बरीचशी उष्णता खालच्या हवेतच अडते, पुन्हा बाहेर टाकली जाते, वरच्या थरात पुन्हा अडते. शेवटी अवकाशात सुटते ती वरच्या विरळ थरातून. कार्बन डायऑक्साइड वाढला, की हा 'सुटकेचा थर' आणखी वर जातो. वर हवा थंड असते, आणि थंड वस्तू कमी उष्णता बाहेर टाकते. म्हणजे येणारी उष्णता तेवढीच, जाणारी मात्र कमी. हिशेब पुन्हा जुळेपर्यंत खालचे सगळे तापत राहते. त्या उंचीवर बाष्प फार थोडे असते, त्यामुळे 'बाष्प आहेच की' हा आक्षेपही तिथे लागू पडत नाही. १९५६ मध्ये गिल्बर्ट प्लास यांनी संगणकाच्या साहाय्याने थराथराचे गणित मांडले, तेव्हा या आक्षेपाचे उत्तर मिळाले.

फळ्यावर करण्याजोगा हिशेब

दहावीच्या मुलांना हे आकड्यांतही दाखवता येते. सूर्याकडून मिळणाऱ्या उष्णतेचा विचार केला, तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश असायला हवे. प्रत्यक्षात ते सुमारे १५ अंश आहे. फरक ३३ अंशांचा. आता, तपांबरात दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरते. मग उणे १८ अंश तापमान किती उंचीवर सापडेल? ३३ भागिले ६.५, म्हणजे सुमारे ५ किलोमीटरवर. सरासरीने पाहता हाच आपला सुटकेचा थर.

कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर हा थर साधारण १५० मीटर वर सरकतो. ०.१५ गुणिले ६.५, म्हणजे जवळपास १ अंश वाढ. हा १ अंश लक्षात ठेवा, पुढे लागेल. या आकड्याबद्दल आज नाव असलेल्या साशंक हवामानशास्त्रज्ञांचीही तक्रार नाही.

उपग्रहांची साक्ष

दुसरा आक्षेप मोजमापांवरचा. शहरे वाढली, तापमापकांभोवती डांबर आणि काँक्रीट आले, म्हणून आकडे वाढले असतील, तर? अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड मुलर यांना ही शंका रास्त वाटली. त्यांनी २०१० मध्ये एक गट जमवून जमिनीवरील हजारो केंद्रांच्या नोंदी नव्याने तपासल्या. शहरांपासून दूरची केंद्रे वेगळी काढूनही वाढ तेवढीच राहिली. २०१२ मध्ये मुलर यांनी आपले मत बदलल्याचे जाहीरपणे लिहिले.

उपग्रहांची गोष्ट अधिक रंजक आहे. उपग्रह हवेतील ऑक्सिजनच्या रेणूंकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजतात आणि त्यांवरून तपांबराचे तापमान काढता येते. १९९० मध्ये नासातील रॉय स्पेन्सर आणि अलाबामा विद्यापीठातील जॉन ख्रिस्टी यांनी १९७९ पासूनच्या अशा नोंदी मांडल्या. जमिनीवरचे तापमापक वाढ दाखवत होते, उपग्रह मात्र जवळजवळ काहीच दाखवत नव्हते. पुढच्या काही वर्षांच्या विश्लेषणात तर किंचित घटच दिसली. नव्वदच्या दशकात साशंक लोकांच्या हातातला हा सर्वांत भक्कम पुरावा होता.

१९९८ मध्ये फ्रँक वेंट्झ आणि मॅथिआस शाबेल यांनी दाखवून दिले, की वरच्या विरळ हवेच्या घर्षणाने उपग्रह हळूहळू खाली उतरत आहेत आणि त्यामुळे मोजमापात खोटी घट शिरते आहे. २००५ मध्ये कार्ल मिअर्स आणि वेंट्झ यांनी दुसरी चूक दाखवली. उपग्रहाची एखाद्या ठिकाणावरून जाण्याची वेळ वर्षानुवर्षे सरकत जाते. दुपारी दोनचे तापमान आणि सायंकाळी पाचचे तापमान यांची तुलना करायची, तर दुरुस्ती करावी लागते, आणि ती दुरुस्तीच चुकली होती. स्पेन्सर आणि ख्रिस्टी यांनी ही चूक मान्य करून आपले आकडे सुधारले. आज त्यांच्या स्वतःच्या नोंदीही दर दशकाला सुमारे ०.१५ अंशांची वाढ दाखवतात. हे दोघेही आजवर तापमानवाढीच्या भीतीबद्दल साशंकच राहिले आहेत, म्हणून ही साक्ष अधिक मोलाची.

सूर्याचे काय?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. हिमयुगे आली-गेली, ती मुख्यतः पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल यांतील संथ बदलांमुळे. शेवटच्या हिमयुगातून आजच्या काळात येताना पृथ्वी सुमारे ५ ते ६ अंशांनी तापली, पण त्याला हजारो वर्षे लागली. हवामान नैसर्गिक कारणांनी बदलते, एवढ्यावरून आजचा बदलही नैसर्गिकच असेल, हे सिद्ध होत नाही. वणवे वीज पडून लागतात, म्हणून काडीने लागतच नाहीत, असे आपण म्हणत नाही. प्रत्येक वेळी कारण शोधावे लागते.

सूर्य अधिक तापला असेल का? ही शंका मोजता येते. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. ११ वर्षांच्या चक्रात ती सुमारे ०.१ टक्क्याने खालीवर होते, पण या सगळ्या काळात तिच्यात चढता कल नाही. आणखी एक खूण आहे. सूर्यामुळे वाढ झाली, तर तपांबर आणि त्याच्या वरचे स्थितांबर दोन्ही तापायला हवीत. कार्बन डायऑक्साइडमुळे झाली, तर तपांबर तापेल आणि स्थितांबर थंड होईल. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ मध्ये गणिताने हे आधीच सांगून ठेवले होते. नंतरच्या दशकांत तसेच घडताना दिसले. मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

शंका खरी ठरली तेव्हा

प्रत्येक वेळी साशंक मंडळीच चुकली, असे मात्र नाही. आंतरसरकारी हवामानबदल समितीच्या २००७ च्या अहवालात एक वाक्य होते: हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत, किंवा त्याआधीही, नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त उपमहासंचालक व्ही. के. रैना यांनी हिमनद्यांचा प्रत्यक्ष अभ्यास केलेला होता. २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्यांचा चर्चानिबंध प्रसिद्ध केला. हिमनद्या असामान्य वेगाने नाहीशा होत आहेत, असे म्हणण्याजोगा पुरावा नाही, असे त्यात म्हटले होते. या निबंधावर टीकाही झाली. पण २०३५ हे साल शास्त्रीय परीक्षण झालेल्या लेखातून नव्हे, तर एका पर्यावरण संस्थेच्या अहवालातून उचललेले निघाले. जानेवारी २०१० मध्ये समितीने खेद व्यक्त करून चूक मान्य केली. शेकडो मीटर जाडीचे बर्फ इतक्या थोड्या वर्षांत वितळणार नाही, हे साधे गणित करूनही कळले असते.

मात्र यावरून हिमनद्या सुखरूप आहेत, असा अर्थ काढणे ही दुसऱ्या टोकाची चूक. अमेरिकेच्या जुन्या हेर उपग्रहांची छायाचित्रे आणि नंतरच्या नोंदी ताडून २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २००० नंतर हिमालयातील बर्फ घटण्याचा वेग त्याआधीच्या पंचवीस वर्षांच्या सुमारे दुप्पट असल्याचे त्यात दिसले. घबराटीचे साल चुकले. बर्फाची घट मात्र खरी होती.

खरा वाद: किती?

आता तो १ अंश आठवा. साशंक शास्त्रज्ञांचा खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हवा तापली, की तिच्यात अधिक बाष्प मावते, आणि बाष्पही उष्णता अडवते. म्हणजे वाढीतून आणखी वाढ. पण ढगांचे काय? मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील रिचर्ड लिंडझेन यांनी २००१ मध्ये सहकाऱ्यांसह असे मांडले, की तापमान वाढल्यावर उष्ण कटिबंधातील उंचावरचे ढग कमी होतील आणि जास्तीची उष्णता बाहेर सुटेल. तसे असेल, तर वाढ १ अंशाहूनही कमी राहील आणि भीतीचे कारणच उरणार नाही.

हा आक्षेप खरोखर शास्त्रीय होता, कारण तो तपासता येत होता. नंतरच्या उपग्रह निरीक्षणांत एवढा मोठा परिणाम आढळला नाही. बाष्पाची परीक्षा तर निसर्गानेच घेतली. जून १९९१ मध्ये फिलिपीन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने थंड झाली. त्याबरोबर हवेतील बाष्पही घटल्याचे उपग्रहांनी टिपले. बाष्पाचा हा परिणाम धरून केलेली गणिते प्रत्यक्षाशी जुळली, तो वगळून केलेली जुळली नाहीत.

तरी प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. १९७९ मध्ये कार्बन डायऑक्साइडच्या दुपटीमुळे होणाऱ्या वाढीचा अंदाज १.५ ते ४.५ अंश असा होता. २०२१ च्या अहवालात तो २.५ ते ४ अंशांपर्यंत आवळला गेला. यातही अंतर मोठे आहे आणि त्याचे मुख्य कारण ढगच आहेत. फक्त एक गोष्ट मुलांना सांगावी: अनिश्चितता दोन्ही बाजूंना असते. 'कदाचित २.५' म्हणणाऱ्याने 'कदाचित ४' हेही म्हटले पाहिजे.

दरम्यान प्रयोग चालूच आहे. उद्योगयुगापूर्वी हवेच्या दर दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये हवाई बेटावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे तापमान १८५० ते १९०० या काळापेक्षा सुमारे १.१ अंशांनी अधिक होते.

वर्गासाठी

मुलांकडून तापमानवाढीबद्दलच्या शंका चिठ्ठ्यांवर लिहून घ्याव्यात. प्रत्येक गटाने एक चिठ्ठी उचलून तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. ही शंका खरी असेल, तर प्रत्यक्षात काय दिसायला हवे? ते कशाने मोजता येईल? ते कोणी मोजले आहे का, आणि काय निघाले? मग हेच तीन प्रश्न भीती घालणाऱ्या विधानांनाही लावावेत. 'अमुक सालापर्यंत अमुक बुडणार' असे वाचले, की त्याचा उगम कुठे आहे ते शोधायला लावावे.

हात वर करणाऱ्या त्या मुलाला गटाचा प्रमुख करावे. आपली शंका कोणत्या मोजमापाने फिटेल, हे त्यानेच आधी फळ्यावर लिहावे, आणि मग सगळ्यांनी मिळून शोधाला लागावे.