प्रोसेसर का तापतो?

संगणकावर व्हिडिओ संपादनासारखे जड काम सुरू होताच पंख्याचा आवाज वाढतो आणि काही वेळाने संगणकच मंदावतो, याचे कारण बहुधा प्रोसेसरच्या तापमानात असते. सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावरील अब्जावधी ट्रान्झिस्टर सतत चालू-बंद होताना जी वीज वापरतात, ती जवळजवळ सगळी उष्णतेत बदलते. ही उष्णता हीटसिंक, म्हणजे धातूच्या पातळ पात्यांची जुडी, ओढून घेतो आणि पंखा ती हवेत सोडतो. मात्र प्रोसेसर व हीटसिंक यांचे पृष्ठभाग गुळगुळीत दिसले तरी त्यांवर सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांत अडकलेली हवा उष्णतेची मंद वाहक असल्याने, भिंतीच्या भेगांत लांबी भरावी तशी तेथे थर्मल पेस्ट भरावी लागते. ही पेस्ट कालांतराने सुकते, पात्यांमध्ये धुळीचा करडा थर साचतो आणि तापमान 95 ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की बहुतेक आधुनिक प्रोसेसर स्वतःच वेग घटवतात; हा बिघाड नसून बचाव आहे. म्हणून महागडा कूलर घेण्यापूर्वी संगणक बंद करून, वीजजोडणी काढून, पंख्याची पाती धरून ठेवून ब्रशने धूळ झाडावी आणि सुकलेली पेस्ट पुसून नवी लावावी.