पानावरचा ठिपका आणि बियातला शत्रू

पावसाची झड चार-आठ दिवस लागून राहिली, म्हणजे टोमॅटोच्या आणि मिरचीच्या शेतात एक नवी काळजी उत्पन्न होते. पानांवर प्रथम पाण्याने भिजल्यासारखे बारीक डाग दिसू लागतात. थोड्याच दिवसांत ते काळपट तपकिरी होतात, पुष्कळदा त्यांच्याभोवती पिवळी कड उमटते, आणि पाने पिवळी पडून गळू लागतात. शेतकरी म्हणतो, “करपा पडला”, आणि दुकानातून बुरशीनाशकाची पुडी घेऊन येतो. फवारणी होते, पैसा खर्च होतो. परंतु ठिपके काही थांबत नाहीत. असे का व्हावे, याचा विचार आजच्या भाषणात करावयाचा आहे.

याचे कारण असे की, हा रोग बुरशीचा नव्हे, तर जंतूंचा आहे. दक्षिण आफ्रिकेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ एथेल डॉइज या विदुषीने १९२१ साली टोमॅटोवरील या जंतूचे वर्णन केले. शास्त्रज्ञ या जंतूंच्या गणास ‘झँथोमोनास’ असे म्हणतात. जी औषधे केवळ बुरशीवर चालतात, त्यांचा या जंतूंवर परिणाम होत नाही. म्हणून औषध आणण्यापूर्वी रोग ओळखणे हे पहिले काम होय. बुरशीमुळे येणाऱ्या नेहमीच्या करप्याचा ठिपका मोठा होत जातो आणि त्यात एकात एक अशी वर्तुळे दिसतात. जंतूंचा ठिपका लहान, सामान्यतः तीन मिलिमीटरांच्या आतबाहेर असतो, आणि त्यात अशी वर्तुळे नसतात. फळांवर मात्र खरखरीत, खपलीसारखे डाग उठतात. शंका राहिल्यास रोगट पान कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे. तेथे ठिपक्याचा काप पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रोग जंतूंचा असेल, तर कापाच्या कडेतून जंतूंचा लोंढा धुरासारखा बाहेर पडताना दिसतो.

पानांच्या गळतीने होणारे नुकसान दुहेरी असते. मिरचीची पाने झडली, की झाडाचे अन्न तयार करणारा कारखानाच बंद पडतो. शिवाय उघडी पडलेली फळे उन्हाने भाजून पांढुरकी होतात. टोमॅटोच्या डागाळलेल्या फळास बाजारात कोणी हात लावीत नाही.

आता हा शत्रू शेतात येतो कसा, ते पाहू. जंतूंना बुरशीसारखे पानाची साल भेदून आत शिरता येत नाही. पानाची सूक्ष्म रंध्रे किंवा एखादी जखम हीच त्यांची दारे. आणि त्या दारापर्यंत पोहोचण्यास त्यांना पाणी लागते. पावसाच्या थेंबांबरोबर उडणारे शिंतोडे, झारीचे किंवा तुषार सिंचनाचे पाणी, ओल्या झाडांतून फिरणाऱ्या माणसांचे हात नि कपडे, ही त्यांची वाहने होत. २४ ते ३० अंश सेल्सिअसची उबदार हवा आणि ओलावा त्यांना विशेष मानवतो. मोकळ्या मातीत ते फार काळ तग धरीत नाहीत. मात्र रोगट पालापाचोळ्यात, आपोआप उगवलेल्या रोपांवर आणि बियांवर ते टिकून राहतात. अनेकदा रोग बियांबरोबर रोपवाटिकेत आणि तेथून तरव्याबरोबर शेतोशेती जातो.

म्हणून खरा उपाय बियाण्यापासून सुरू होतो. काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होणाऱ्या खोला मिरचीसारख्या स्थानिक वाणांचे बी ज्यांच्या घरी राखले जाते, त्यांनी तर याकडे विशेष लक्ष द्यावे. निरोगी झाडाचेच बी धरावे. ते विरळ कापडाच्या पुरचुंडीत सैल बांधून, टोमॅटोचे असल्यास ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ मिनिटे, आणि मिरचीचे असल्यास सुमारे ५१.५ अंशांच्या पाण्यात ३० मिनिटे ठेवावे. नंतर लगेच थंड पाण्यात बुडवून सावलीत वाळवावे. ताप मोजण्याचा थर्मामीटर येथे उपयोगाचा नाही, कारण त्याची मोजपट्टी ४२ अंशांच्या आसपास संपते. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा थर्मामीटर वापरावा. पाणी अधिक तापले तर बी मरते, कमी तापले तर जंतू जगतात. जुन्या बियांची उगवण यामुळे घटू शकते, म्हणून प्रथम थोड्या बियांवर प्रयोग करून पाहावा. विकतच्या, औषध चोळलेल्या बियांस हा उपचार करू नये.

रोपवाटिकेत पाणी सकाळी द्यावे, म्हणजे पाने लवकर सुकतात. एक रोप ठिपक्यांचे दिसले, तर त्याच्या शेजारची रोपेही काढून टाकावी. शेतात पाणी सरीने किंवा ठिबकने द्यावे. पाने ओली असताना खुरपणी किंवा तोडणी करू नये. पीक संपताच पालापाचोळा नांगरून गाडावा, आणि पुढील दोन-तीन वर्षे त्या जागी मिरची-टोमॅटो न घेता ज्वारी, मका यांसारखे पीक घ्यावे.

मग औषधाचे काय? ताम्रयुक्त औषधे पावसाळ्याच्या आरंभी, रोग पसरण्यापूर्वी फवारली तर काही प्रमाणात आळा घालतात; परंतु त्यांच्यावरच विसंबून राहणे धोक्याचे आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात या रोगावर स्ट्रेप्टोमायसिन वापरले गेले, आणि १९६२ सालापर्यंत त्यास न जुमानणारे जंतू आढळले. पुढे १९८३ साली तांब्यालाही दाद न देणाऱ्या जंतूंची नोंद तेथेच झाली. हा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. शिवाय स्ट्रेप्टोमायसिन हे माणसाच्या क्षयरोगावरील औषध आहे. ते शेतात उधळणे म्हणजे रोग्याच्या हातचे औषध बोथट करण्यासारखे होय.

पाने झडल्यावर फवारणीस धावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. या रोगाशी खरी लढाई शेतात नव्हे, तर बियांच्या पुरचुंडीत आणि तरव्याच्या वाफ्यात जिंकावयाची असते. आणि तेथे पैशापेक्षा दक्षताच अधिक लागते.