चित्रफीत खिशात मावते, तेव्हा...

घरातील लग्नाची डीव्हीडी संगणकावर झकास चालते. मात्र तीच चित्रफीत खिशातल्या मीडिया प्लेअरवर टाकली, की पडदा काळाच राहतो किंवा नुसताच आवाज ऐकू येतो. बहुतेक वेळा यात दोष ना चित्रफितीचा असतो, ना यंत्राचा. दोघांची भाषा जुळलेली नसते, एवढेच!

डबा वेगळा, जिन्नस वेगळा

'एव्हीआय', 'एमपी४', 'एमकेव्ही' ही नावे केवळ डब्यांची. आतील चित्र आणि ध्वनी कोणत्या पद्धतीने आकुंचित केले आहेत, हे 'कोडेक' ठरवतो. डबा ओळखीचा असला, तरी कोडेक अनोळखी असेल तर फाइल उलगडत नाही. संगणकात नवे सॉफ्टवेअर टाकून ही अडचण दूर करता येते. छोट्या प्लेअरमध्ये मात्र हे काम सहसा ठरावीक चिपकडे सोपवलेले असते. त्यामुळे बॅटरी वाचते. पण चिपला जे येत नाही, ते नंतर शिकवता येत नाही.

ऑक्टोबर २००५ मध्ये आलेला व्हिडिओ आयपॉड हे याचे बोलके उदाहरण. त्याचा पडदा ३२० बाय २४० पिक्सेलचा होता आणि 'एच.२६४' पद्धतीची चित्रफीत त्यावर सुरुवातीला त्याच आकारात, सेकंदाला ७६८ किलोबिटपर्यंतच चालत असे. आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले; निवडीचा नियम मात्र तोच राहिला.

कोणता पर्याय निवडावा?

'एमपी४' डब्यात 'एच.२६४' चित्र आणि 'एएसी' ध्वनी ही जोडी आज सर्वाधिक यंत्रांवर चालते. २०१३ मधील 'एचईव्हीसी' आणि २०१८ मधील 'एव्ही१' कमी जागेत तेवढेच चांगले चित्र देतात. परंतु जुन्या चिपना ते उलगडत नाहीत. काही स्वस्त प्लेअरना तर 'एव्हीआय'च लागते. म्हणून माहितीपुस्तिकेतील कोडेक, पिक्सेल आणि बिटरेट हे तीन आकडे आधी पाहावेत.

जागेचा हिशेब सोपा आहे. चित्राचे ७६८ आणि ध्वनीचे १२८ मिळून ८९६ किलोबिट होतात. आठाने भागल्यास सेकंदाला ११२ किलोबाइट, म्हणजे तासाला सुमारे ४०३ मेगाबाइट. आपल्याकडील डीव्हीडीचे चित्र साधारणतः ७२० बाय ५७६ पिक्सेलचे असते. छोट्या पडद्यासाठी ते लहान केल्यास काही बिघडत नाही. चौकोनी चित्र ३२० बाय २४०, तर रुंद चित्र ३२० बाय १८० ठेवावे. अन्यथा माणसे लांबट किंवा बसकी दिसतात. हालचालींच्या कडांवर कंगव्यासारख्या रेषा दिसल्यास 'डीइंटरलेस' हा पर्याय वापरावा. 'हँडब्रेक' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये या सोयी आहेत. आधी एखाद्या मिनिटाचा तुकडा रूपांतरित करून तपासल्यास तासांचा खोळंबा टळतो.

मूळ प्रत जपाच

खरी चूक होते ती यानंतर. प्लेअरवर चित्रफीत चालली, की जागेसाठी मूळ फाइल पुसली जाते. रूपांतरात वगळलेला तपशील पुन्हा कधीच मिळत नाही. तळहातावर नीटस वाटणारे चित्र उद्या मोठ्या टीव्हीवर धूसर दिसेल. आजीचा चेहरा ओळखू येणार नाही. त्यातच घरी लिहिलेल्या डीव्हीडी कालांतराने खराब होऊ शकतात. म्हणून मूळ फाइल आहे तशी हार्ड डिस्कवर उतरवावी, तिची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवावी आणि प्रत्येक नव्या यंत्रासाठी त्या मूळ प्रतीवरूनच रूपांतर करावे. प्लेअर दर काही वर्षांनी बदलतो; लग्न मात्र पुन्हा चित्रित होत नाही.