पहिला कॅमेरा निवडताना: आधी लेन्स, मग बॉडी

लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याचे दोन भाग असतात. बॉडीत सेन्सर, शटर आणि व्ह्यूफाइंडर असतो. प्रकाश गोळा करून सेन्सरवर पोचवण्याचे काम लेन्स करते. दोहोंना जोडणारी धातूची कडी म्हणजे माउंट. बहुतेक कंपन्यांचे माउंट वेगवेगळे असल्यामुळे पहिली बॉडी घेतली की पुढच्या लेन्स कोणत्या घ्यायच्या हेही बऱ्याच अंशी ठरून जाते. बॉडी काही वर्षांत जुनी होते; नीट सांभाळलेली लेन्स दुसऱ्या-तिसऱ्या बॉडीलाही चालते. म्हणून निवडीची सुरुवात लेन्सपासून करावी आणि लेन्स ठरवावी ती आपल्याला कशाचे फोटो काढायचे आहेत ते पाहून.

पालघर जिल्ह्यातले दातिवरे याचा चांगला नमुना आहे. वैतरणा जिथे समुद्राला मिळते तिथे उत्तर तीरावर हे गाव वसले आहे. सफाळे स्टेशनवर उतरून तिथे गेलेल्या नवशिक्याला एकाच फेरीत तीन तऱ्हेचे विषय भेटतात. ओहोटीला उघडा पडणारा किनारा आणि नांगरलेल्या होड्या एका चौकटीत घ्यायच्या तर १६ ते १८ मिलिमीटरची रुंद लेन्स लागते. जाळे दुरुस्त करणाऱ्या हातांसाठी ३५ किंवा ५० मिलिमीटर पुरते. खाडीच्या चिखलावर उतरलेले कुरव, चिखल्या आणि बगळे मात्र जवळ येऊ देत नाहीत; त्यांच्यासाठी ३०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब पल्ल्याची लेन्स हवी. यांतला कोणता विषय पुन्हा पुन्हा खुणावतो, ते आधी ओळखावे.

नव्या कॅमेऱ्याबरोबर सहसा १८-५५ किंवा तिच्या आसपासची किट लेन्स मिळते. निसर्ग, घरचे समारंभ आणि प्रवास यांसाठी ती पुरेशी असते. तिची उणीव मंद प्रकाशात जाणवते. झूम पूर्ण ताणल्यावर तिचे छिद्र एफ/५.६ पेक्षा मोठे उघडत नाही. ५० मिलिमीटर एफ/१.८ ही त्या मानाने स्वस्त लेन्स तेवढ्याच वेळात जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. पहाटे मासळी उतरवतानाची लगबग टिपायची असेल, तर महागडी बॉडी घेण्याआधी ही लेन्स घ्यावी. पक्ष्यांची ओढ असणाऱ्याने ७०-३०० सारख्या लेन्ससाठी पैसे राखून ठेवावेत. उडता पक्षी स्पष्ट यायला शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून अधिक लागतो, आणि त्यासाठी सकाळचे स्वच्छ ऊन लेन्सइतकेच मोलाचे असते.

सेन्सरचे तीन आकार प्रामुख्याने दिसतात. फुल फ्रेम ३६ × २४ मिलिमीटरचा, एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ चा (कॅननचा थोडा लहान) आणि मायक्रो फोर थर्ड्स सुमारे १७.३ × १३ चा. मोठा सेन्सर अंधारात कमी दाणेदार चित्र देतो. पण त्याच्या लेन्स मोठ्या, जड आणि महाग असतात. लहान सेन्सर दृश्याचा मधलाच भाग टिपतो, त्यामुळे एपीएस-सी बॉडीवर ३०० मिलिमीटरच्या लेन्समधून फुल फ्रेमवरच्या सुमारे ४५० मिलिमीटरइतके जवळचे दृश्य मिळते. वजन, किंमत आणि पल्ला यांचा मेळ पाहता बहुतेक नवशिक्यांसाठी एपीएस-सी सोयीचा ठरतो. मेगापिक्सेलच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नये. २० ते २४ मेगापिक्सेलमधून भिंतीवर लावण्याजोगी प्रत सहज निघते.

डीएसएलआरमध्ये आरसा लेन्समधले दृश्य थेट डोळ्यापर्यंत आणतो. मिररलेसमध्ये आरसा नसतो. सेन्सरवरचे चित्र छोट्या पडद्यावर दिसते. २००८ साली पॅनासॉनिकच्या जी-१ ने या प्रकाराची सुरुवात केली, आणि २०१८ मध्ये कॅननचा आरएफ व निकॉनचा झेड माउंट आल्यावर बाजाराचा कल पक्का झाला. शिकणाऱ्याला मिररलेसचा मोठा फायदा म्हणजे फोटो उजळ येणार की काळवंडणार, हे बटण दाबण्याआधीच कळते. सातपाटी-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोऱ्यांवर वाळत घालतात. मागे लखलखते आकाश असेल तर ओळीने टांगलेली ती मासळी फोटोत काळी पडते. मिररलेसच्या पडद्यावर हे तिथेच दिसते आणि उजेड वाढवून घेता येतो.

बेताच्या खर्चात जुना डीएसएलआरही उत्तम शिकवतो. त्याची बॅटरी जास्त फोटो देते आणि वापरलेल्या लेन्स मुबलक मिळतात. मात्र निकॉनच्या डी-३००० आणि डी-५००० मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी, स्वतःची मोटर नसलेली लेन्स त्यांवर आपोआप फोकस करत नाही. वापरलेली बॉडी घेताना शटर किती वेळा उघडले ते तपासावे. सुरुवातीच्या दर्जाच्या शटरचे आयुष्य साधारण एक लाख फोटोंचे धरतात. लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, हे पाहावे.

खरेदीआधी कॅमेरा हातात धरून पाहणे आवश्यक आहे. पालघर-बोईसरच्या लोकांना मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात अनेक कंपन्यांचे कॅमेरे शेजारी-शेजारी पाहता येतात. पकड घट्ट बसते का, बटणे न पाहता सापडतात का, चष्म्यासह व्ह्यूफाइंडर नीट दिसतो का, हे दुकानातच कळते. बिल आणि भारतातली वॉरंटी घेतल्याशिवाय नवा कॅमेरा घेऊ नये. मेमरी कार्ड, जादा बॅटरी आणि बॅग यांचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

समुद्रकाठी राहणाऱ्याने त्या हिशेबात निगाही मांडावी. वाऱ्यावर उडणारी वाळू सेन्सरपर्यंत पोचते, म्हणून किनाऱ्यावर लेन्स बदलणे टाळावे. जी लागणार ती घरूनच लावून निघावे. परतल्यावर खारे तुषार किंचित ओलसर, मऊ कापडाने बॉडीवरून पुसावेत. काचेवरची वाळू मात्र आधी ब्लोअरने उडवावी, कारण घासली तर चरे पडतात. पावसाळ्यात दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवून चालते. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावी आणि जेल वेळोवेळी बदलावे किंवा सुकवून घ्यावे. लेन्स महिनोन्‌महिने कपाटात बंद ठेवू नये; अधूनमधून बाहेर काढून वापरावी.