सूर्य उसळतो तेव्हा!

सूर्यावर स्फोट झाला की पहिली बातमी आणतो प्रकाश, तीही सव्वाआठ मिनिटांनी. सौरज्वालेचे क्ष-किरणही त्याच्याबरोबरच येतात. त्यांच्या मागोमाग प्रचंड वेगाने सुटलेले प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन पोचतात, कधी कधी तर अर्ध्या तासाच्या आत! अब्जावधी टन तप्त वायूचा ढग, म्हणजे कोरोनल मास इजेक्शन, मात्र सावकाश येतो. त्याला बहुधा एक ते तीन दिवस लागतात.

हे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सरळ रेषेत येत नाहीत. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे त्याच्या चुंबकीय रेषा अवकाशात चकलीसारख्या वळत गेलेल्या असतात आणि कण त्या रेषा धरूनच धावतात. म्हणून सूर्यबिंबाच्या पश्चिम भागात झालेल्या स्फोटाचे कण आपल्यापर्यंत चटकन पोचतात.

त्यातही इलेक्ट्रॉन हलके, म्हणून पुढे. धोका असतो तो मागून येणाऱ्या प्रोटॉनचा. इलेक्ट्रॉन मोजून प्रोटॉनचा इशारा तासभर आधीपर्यंत देता येतो, हे सोहो यानावरच्या उपकरणाने दाखवून दिलं. अंतराळवीराला आडोशाला जायला तेवढा वेळ पुष्कळ झाला.

सोहो पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर बसून सूर्य न्याहाळतं. १४ जुलै २००० रोजी मोठा स्फोट झाला आणि सोहोच्या चित्रांत पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडला. ते होते कॅमेऱ्यावर आदळणारे प्रोटॉन! मे २०२४ मध्ये मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीच्या कॅमेऱ्यानेही असेच ठिपके आणि रेघा टिपल्या.

आता मुंबईकडे येऊ, पण इंग्लंडमार्गे. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज निरीक्षकाला सूर्यडागांच्या घोळक्यात झगझगीत प्रकाश दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ थडकलं. लंडनजवळच्या वेधशाळांत छायाचित्रणाच्या कागदावर नोंद होत होती, पण वादळ एवढं जबर की रेघ कागदाबाहेरच गेली. कुलाब्याच्या वेधशाळेत मात्र माणसं डोळ्यांनी आकडे वाचून लिहून ठेवत होती. क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याची त्यांची नोंद हा आज जगभरच्या अभ्यासकांचा मोठा आधार आहे. त्या अनाम हातांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्या चुंबकीय नोंदी बिघडवणार, म्हणून हे काम अलिबागला हलवलं गेलं. तिथे ते १९०४ पासून आजही चालू आहे.

ऑगस्ट १९७२ ची गोष्ट अंगावर काटा आणणारी. स्फोटाचा ढग पंधरा तासांच्या आतच पृथ्वीवर आदळला आणि चुंबकीय बदलाने चेतणारे अमेरिकी नौदलाचे डझनावारी सुरुंग उत्तर व्हिएतनामच्या समुद्रात आपोआप फुटले. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं, अपोलो १७ डिसेंबरमध्ये निघालं. मधल्या काळात चंद्रावर कुणी नव्हतं, हे मानवजातीचं नशीबच!

झाडंही साक्षी असतात. जपानच्या फुसा मियाके आणि सहकाऱ्यांना इ. स. ७७४-७५ च्या जपानी सीडर वृक्षांच्या कड्यांत कार्बन-१४ अचानक वाढलेला सापडला. २०१२ मध्ये त्यांनी तो जाहीर केला. सूर्यकणांच्या महाभयंकर माऱ्याचा तो पुरावा असावा, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात.

भारताचं आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून सूर्यावर नजर ठेवण्याच्या कामाला लागलंय. त्यावरची ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेच्या पुढाकाराने घडली आणि २२ फेब्रुवारी २०२४ ची एक्स ६.३ दर्जाची जबरदस्त सौरज्वाला तिने टिपली. कण मोजायला यानावर ‘अ‍ॅस्पेक्स’ हे वेगळं उपकरण आहेच.

सोहोच्या चित्रांतून तर ५००० हून अधिक धूमकेतू सापडलेत, बहुतेक हौशी लोकांनी घरबसल्या शोधलेले. ती चित्रं नासाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली आहेत. घरातल्या मुलांना ती जरूर दाखवा. थेट सूर्याकडे मात्र नुसत्या डोळ्यांनी पाहू नका.