स्टिअरिंगला विजेचा हात

अहिल्यानगर येथे (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची 'व्हीआरडीई' ही वाहनांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. नव्या वाहनांची तपासणी करून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांत ती एक. वाहन वळवायला चालकाला किती बळ लावावे लागते, हा वाहनतपासणीतला एक साधा पण महत्त्वाचा प्रश्न. बंदिस्त मार्गावर शर्यतीसाठी गाडी तयार करणाऱ्या हौशी लोकांना तो फार छळतो. रुंद टायर घातले की स्टिअरिंग जड होते, आणि तेलाच्या दाबावर चालणारी मदत घ्यावी तर पंप इंजिनची शक्ती सतत खातो, तेल तापते, नळ्या गळतात. म्हणून अलीकडे अनेकजण पंप काढून विजेची मोटार बसवतात.

मोटार किती मोठी हवी? हे शाळेतल्या ताणकाट्यावर ठरवता येते. सपाट जागी उभ्या असलेल्या गाडीच्या स्टिअरिंगच्या कडेला काटा अडकवून स्पर्शिकेच्या दिशेने ओढावा. काटा १० किलोग्रॅम दाखवत असेल तर बल सुमारे १०० न्यूटन. चक्राची त्रिज्या १८ सेंटिमीटर धरली, तर बलाचे आघूर्ण, मेकॅनिकच्या भाषेत टॉर्क, १८ न्यूटन-मीटर. यातले ४ चालकाच्या हाताला ठेवले, तर १४ मोटारीने पुरवायचे. चालक सेकंदाला एक फेरा फिरवत असेल तर शक्ती १४ × ६.२८, म्हणजे सुमारे ८८ वॅट. कार्यक्षमता ६० टक्के मानली तर बॅटरीकडून १४७ वॅट, १२.५ व्होल्टला सुमारे १२ अँपिअर. झटक्याने वळवताना याच्या कितीतरी पट प्रवाह लागतो, म्हणून तारा जाड आणि फ्यूज वेगळा.

मोटारीला मदत केव्हा करायची हे कसे कळते? स्टिअरिंगचा दांडा मध्येच तोडून तिथे एक बारीक, पीळ खाणारी सळई बसवलेली असते. हाताने जोर लावला की ती अंशभर पिळते. हा पीळ मोजून छोटा संगणक मोटारीला प्रवाह देतो, आणि मोटार वर्म गिअरमधून दांडा फिरवते. गिअरचे गुणोत्तर १६ असेल तर १४ न्यूटन-मीटरसाठी मोटारीला एक न्यूटन-मीटरहूनही कमी आघूर्ण पुरते (घर्षण सोडून). विजेवर चालणारी ही मदत १९८८ मध्ये जपानमधील सुझुकीच्या 'सेर्वो' या छोट्या गाडीत आली. ब्रिटनमधील हौशी मंडळी व्हॉक्सहॉल कोर्साचा जुना दांडा वापरतात. त्याच्या संगणकाला गाडीच्या वेगाचा संदेश मिळाला नाही तरी तो ठरावीक, मध्यम मदत देत राहतो. ही सोय गाडीच्या निर्मात्याने बिघाडासाठी ठेवली होती!

बसवताना दांड्याचा कोन बदलतो आणि 'क्रॉस' जॉइंट घालावे लागतात. इथे भूमितीचा सापळा आहे. एकच क्रॉस ३० अंशांत वाकवला तर हात एकसारखा फिरवूनही पुढचा दांडा कधी ०.८७ पट, कधी १.१५ पट वेगाने फिरतो (म्हणजे कोज्या ३० आणि तिचा व्यस्त). दोन क्रॉस समान कोनात आणि त्यांचे काटे योग्य दिशेने जुळवून लावले तरच एकाची चूक दुसरा भरून काढतो. दांड्याचे वेल्डिंग मात्र जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. ते तुटले तर गाडीला दिशाच उरत नाही.

माझ्या मते खरा प्रश्न मदत कमी पडण्याचा नाही, जास्त होण्याचा आहे. वळणावर रस्ता टायरला जे आडवे बल देतो, ते टायरच्या मध्यबिंदूच्या थोडे मागे लागते, म्हणून चाक सरळ होऊ पाहते आणि हाताला विरोध जाणवतो. टायर घसरण्याच्या बेताला आला की हे अंतर कमी होत जाते. आडवे बल अजून वाढत असतानाच स्टिअरिंग हलके व्हायला लागते. चालकाला मिळणारी ही आगाऊ सूचना. मदत नसताना १८ वरून १२ वर आलेले आघूर्ण हाताला लगेच कळते. तेच ४ वरून २.७ वर आले, तर वर्म गिअरच्या घर्षणात हरवून जाते. म्हणून निर्माते वेग वाढेल तशी मदत कमी करतात. वेगाचा संदेश नसलेल्या गाडीत निदान एक फिरते बटण लावून ती हाताने कमी करता यावी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी झालेल्या गाडीत निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, तेव्हा हे सारे बंदिस्त मार्गापुरतेच. तिथेही आधी संथ वेगात फ्यूज काढून गाडी दोन्ही बाजूंना वळवून पाहावी. दांडा चाकांशी जोडलेलाच असतो, पण आता पूर्ण १८ न्यूटन-मीटर आणि शिवाय बंद मोटार ओढण्याचा भार, दोन्ही हातांवर येतात. चालकाला तेवढे झेपते असे दिसले की मगच वेग वाढवावा.